डायनॅमिक रेंज आणि नॉइज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्डीवरून सुटे भाग आणून प्रकल्प जोडणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, लग्नसराईत साउंड लावणारे, पेंच-ताडोब्याला कॅमेरा घेऊन जाणारे हौशी छायाचित्रकार आणि इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणारे कारागीर, अशा वेगवेगळ्या मंडळींकडून नागपुरात नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. परंतु बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो. उपकरण जास्तीत जास्त किती देऊ शकते हे सगळे विचारतात, आणि ते कमीत कमी किती ओळखू शकते हे विचारायचे राहून जाते.

डायनॅमिक रेंज म्हणजे नेमके काय?

एखादे उपकरण न बिघडवता हाताळू शकेल असा सर्वांत मोठा सिग्नल आणि त्या उपकरणाच्या स्वतःच्या नॉइजमधून, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको त्या चढउतारांतून, वेगळा ओळखू येईल असा सर्वांत लहान सिग्नल, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे डायनॅमिक रेंज. अंबाझरीसारखा एखादा तलाव डोळ्यांसमोर आणला तर सांडव्याची उंची ही वरची मर्यादा आणि तळाशी साचलेला गाळ ही खालची मर्यादा. सांडवा जागच्या जागी राहिला तरी गाळ वाढत गेला की तलावात मावणारे पाणी कमी होते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये सांडव्याच्या जागी क्लिपिंग असते, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ न शकल्यामुळे लहरीचा माथा कापला जाणे, आणि गाळाच्या जागी नॉइज असतो. फरक इतकाच की तलावातील गाळ उपसता येतो. येथे त्याचा काही भाग निसर्गनियमाने बसलेला असतो आणि तो कोणालाही उपसता येत नाही.

हे गुणोत्तर डेसिबलमध्येच का सांगतात?

कारण आकडे फार मोठे होतात. व्होल्टेज दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल, दहापट झाले की २०, हजारपट झाले की ६० आणि लाखपट झाले की १०० डेसिबल, एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक हिशेब तोंडी होतात. व्होल्टेजच्या गुणोत्तराचा लॉगरिदम २० ने आणि पॉवरच्या गुणोत्तराचा १० ने गुणायचा असतो; परीक्षेत जाणाऱ्या गुणांपैकी बरेचसे या एका गोंधळात जातात.

नॉइज येतो तरी कुठून?

येथे दोन अगदी भिन्न गोष्टींना एकच नाव दिले जाते. पहिली गोष्ट म्हणजे पदार्थातच असलेला नॉइज. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे हालत असतात आणि त्यामुळे रोधकाच्या दोन टोकांमध्ये, त्याला काहीही जोडलेले नसले तरी, एक सूक्ष्म आणि अनियमित व्होल्टेज निर्माण होते. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी ते मोजले, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले आणि १९२८ मध्ये दोघांचेही निबंध प्रसिद्ध झाले. बोल्ट्झमन स्थिरांक, केल्व्हिनमधील तापमान, रोध आणि बँडविड्थ (मोजणीत धरलेल्या वारंवारितांच्या पट्ट्याची रुंदी) यांच्या गुणाकाराची चौपट करून तिचे वर्गमूळ घेतले की हे व्होल्टेज मिळते. साध्या १ किलोओहमच्या रोधकासाठी, खोलीच्या तापमानाला आणि २० किलोहर्ट्झच्या बँडविड्थसाठी, ते सुमारे ०.५८ मायक्रोव्होल्ट भरते. रोधक कितीही महागडा घेतला तरी या आकड्याखाली जाता येत नाही.

याच्या जोडीला विद्युतप्रवाह सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांनी बनलेला असल्यामुळे येणारा शॉट नॉइज असतो, ज्याचे स्पष्टीकरण वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये दिले. आणि कमी वारंवारितेकडे जावे तसा वाढत जाणारा फ्लिकर नॉइज असतो, जो मंद गतीने बदलणारे सिग्नल मोजणाऱ्यांना विशेष छळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरून घुसलेली भेसळ: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या वायरिंगमधून येणारी घरघर, पंख्याच्या रेग्युलेटरचे फटकारे, चार्जरची शिट्टी, मोबाइलची टकटक. काटेकोर अर्थाने हा नॉइज नव्हे, कारण त्याचा उगम शोधता येतो आणि तो बंद करता येतो. दुरुस्तीला सुरुवात करण्यापूर्वी आपल्यापुढे यांपैकी कोणती गोष्ट आहे हे ठरवले नाही तर सारा दिवस वाया जातो.

नागपूरच्या उन्हाळ्यात नॉइज वाढतो का?

हा प्रश्न दर मे महिन्यात येतो आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. समजा, जानेवारीतील पहाटे तापमान १० अंश आणि मे महिन्यातील दुपारी ४६ अंश सेल्सिअस आहे. आपल्याला हा फरक असह्य वाटतो; पण नॉइजच्या सूत्रात तापमान केल्व्हिनमध्ये मोजले जाते, म्हणजे ते २८३ वरून ३१९ वर जाते आणि व्होल्टेज वर्गमुळाने वाढत असल्यामुळे रोधकाचा नॉइज केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. डेसिबलमध्ये ही वाढ अर्ध्याहून किंचितच अधिक आहे आणि ती कानाला जाणवण्यासारखी नाही.

तरीही उन्हाळ्यात उपकरणे बिघडल्यासारखी का वागतात, तर अर्धवाहकांमधील गळतीचा प्रवाह साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. वर सांगितलेल्या ३६ अंशांच्या फरकात तो सुमारे बारापट होतो आणि त्याच्यासोबतचा शॉट नॉइज, जो प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, साडेतीनपट होतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये अंधारातही जमा होणारे इलेक्ट्रॉन याच मार्गाने वाढतात, म्हणून उन्हात तापलेल्या कॅमेऱ्याने रात्री दीर्घ एक्सपोजर घेतले की चित्रभर रंगीत ठिपके उमटतात. यात गच्चीवर, पत्र्याच्या बंद पेटीत बसवलेल्या मंडलाचा विचार केला तर आतले तापमान हवेपेक्षाही कितीतरी वर गेलेले असते. थोडक्यात, दोष उन्हाचा असला तरी तो रोधकामार्फत नव्हे, तर ट्रान्झिस्टर आणि डायोडमार्फत आत येतो. म्हणून उपाय सावली आणि हवा खेळती ठेवणे हा आहे, महागडे रोधक बसवणे हा नव्हे.

“भाऊ, कोणी बोलत नसलं तरी स्पीकरमधून सूं सूं येऊन राहिलं. अ‍ॅम्प्लिफायर बदलू का?”

बहुतेक वेळा नको. मिक्सरवरचे गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवला जातो ते प्रमाण, कोठे आणि किती वाटले आहे ते आधी पाहावे.

समजा, माइकच्या पहिल्या टप्प्याचा स्वतःचा नॉइज, त्याच्या इनपुटपाशी मोजला असता, ०.५ मायक्रोव्होल्ट आहे आणि त्यापुढील टप्प्याचा ५ मायक्रोव्होल्ट आहे. पहिल्या टप्प्यावर १०० पट गेन दिले तर त्याचा नॉइज ५० मायक्रोव्होल्ट होऊन पुढे जातो आणि त्यात दुसऱ्या टप्प्याचे ५ मिसळतात. स्वतंत्र उगमांचे नॉइज सरळ बेरजेने मिसळत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे, म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेऊन, ते मिसळतात. त्यामुळे येथे एकूण ५०.२५ मायक्रोव्होल्ट येतात आणि दुसऱ्या टप्प्याचा वाटा जवळपास नाहीसा होतो.

आता हाच साउंडवाला, स्पीकरचा आवाज माइकमध्ये परतून होणाऱ्या शिट्टीच्या भीतीने, माइकचे गेन फक्त ५ पटींवर ठेवतो आणि उरलेले २० पट पुढे फेडरवर (आवाजाच्या सरकत्या बटणावर) काढतो असे समजा. पहिल्या टप्प्याचे २.५ आणि दुसऱ्याचे ५ मिळून ५.६ मायक्रोव्होल्ट होतात. इनपुटच्या भाषेत हे १.१ मायक्रोव्होल्ट झाले. एकूण आवाज तेवढाच, उपकरणे तीच, आणि डायनॅमिक रेंज सुमारे ७ डेसिबलने घटली. शिट्टीचे म्हणाल तर ती एकूण गेनवर अवलंबून असते, ते कोणत्या बटणावर दिले यावर नव्हे, त्यामुळे ती भीतीही फुकाचीच असते. मालिकेतील पहिला टप्पा संपूर्ण साखळीचा नॉइज ठरवतो हा नियम हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये रेडिओ रिसिव्हरसाठी सूत्रबद्ध केला, आणि तो मंगल कार्यालयाच्या मांडवातही तितकाच चालतो.

मग गेन जितके जास्त, तितकी डायनॅमिक रेंज जास्त, असे समजावे का?

नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गेन म्हणजे सरकती खिडकी आहे. पहिल्या टप्प्याचे आउटपुट १० व्होल्टला क्लिप होत असेल तर १०० पट गेनवर त्याला जास्तीत जास्त १०० मिलिव्होल्टचा सिग्नल देता येतो; गेन १००० केले की ही मर्यादा १० मिलिव्होल्टवर येते. छत अशा रीतीने गेनसोबत तितक्याच पटीने खाली उतरत जाते. इनपुटच्या भाषेतील नॉइजची जमीन मात्र सुरुवातीला उतरते आणि पहिल्या टप्प्याच्या स्वतःच्या नॉइजपाशी येऊन थांबते. ती थांबल्यानंतर वाढवलेले प्रत्येक डेसिबल गेन छतातून वजा होते आणि जमिनीकडून काहीच परत मिळत नाही. सराईत माणूस बटण ज्या जागी थांबवतो ती जागा म्हणजे साधारणपणे हाच बिंदू असतो.

सूं सूं नसून ‘घूं’ असा आवाज येत असेल तर?

तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा हम आहे आणि वरचे सारे गणित त्याला लागू पडत नाही. त्याचे सर्वांत सामान्य कारण असे असते की मिक्सर एका सॉकेटच्या अर्थिंगला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटच्या अर्थिंगला आणि दोघांना जोडणारी केबलची जाळी असे एक बंद वेटोळे तयार होते आणि त्यातून विजेच्या तारांचा चुंबकीय परिणाम प्रवाह फिरवतो. शहरातील एका सभागृहात आम्ही दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलून पाहिले आणि तिसऱ्या तासाला सर्व प्लग एकाच बोर्डावर आणल्याबरोबर हम थांबला. ते दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष होते. दोन सिग्नल-तारा असलेली बॅलन्स्ड केबल किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हे याचे योग्य उपाय आहेत. प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो उपाय सर्रास केला जातो तो हम घालवतो हे खरे, पण माइक धरणाऱ्याचा जीव टांगणीला लावतो.

कूलरच्या आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची ‘टर्र’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यातील ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रत्येक अर्ध्या आवर्तनात अचानक सुरू होतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा एक तीक्ष्ण धक्का वायरिंगमध्ये सोडतो. कूलर वेगळ्या फेजवर घ्यावा आणि केबल त्याच्यापासून दूर न्यावी.

सिग्नल-टू-नॉइज रेशो आणि डायनॅमिक रेंज एकच का?

पुष्कळ वेळा आकडे जुळतात, म्हणून एकच वाटतात. नॉइज कायम सारखाच राहत असेल, तर पूर्ण आवाजाला मोजलेला सिग्नल-टू-नॉइज रेशो आणि डायनॅमिक रेंज समान येतात. पण सिग्नलबरोबर नॉइजही वाढत असेल तर दोघांची फारकत होते, आणि याचे उत्तम उदाहरण कॅमेरा आहे.

समजा, सेन्सरच्या एका पिक्सेलमध्ये ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि ते वाचताना ३ इलेक्ट्रॉनांइतका नॉइज येतो. दोघांचे गुणोत्तर सुमारे १६,७०० आहे, म्हणजे ८४ डेसिबल किंवा छायाचित्रकारांच्या भाषेत १४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मात्र प्रकाश फोटॉनांच्या रूपाने तुरळक पावसासारखा पडत असल्यामुळे जमा झालेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यात असतोच. पिक्सेल काठोकाठ भरला तरी नॉइज २२४ इलेक्ट्रॉन असतो आणि रेशो ४७ डेसिबलच्या पुढे जात नाही. ८४ आणि ४७ हे दोन्ही आकडे एकाच पिक्सेलचे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

पेंचमध्ये संध्याकाळच्या सफारीत, सागाच्या झाडांखालच्या सावलीतील वाघाच्या अंगावरून एका पिक्सेलला समजा १०० इलेक्ट्रॉनच मिळाले. प्रकाशाचा चढउतार १० आणि वाचनाचा नॉइज ३ मिळून सुमारे १०.४ होतो, म्हणजे सिग्नल नॉइजच्या दहापटही नाही. येथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातील गेन, वाढवल्याने चित्र उजळ दिसते, पण एकही जादा फोटॉन मिळत नाही. उलट छत खाली येते आणि मागचे आकाश पांढरे पडते. शटर जितके उघडे ठेवता येईल तितके ठेवणे आणि मोठ्या छिद्राची लेन्स वापरणे हेच खरे दोन मार्ग आहेत. वाघ स्थिर बसला तर.

जाहिरातीत “१२० डेसिबल” लिहिलेले असते. ते खरे मानावे का?

कोणत्या बँडविड्थमध्ये मोजले, ते सोबत लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. विस्तृत पट्ट्यावर सारखा पसरलेला नॉइज बँडविड्थच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २० किलोहर्ट्झऐवजी २०० हर्ट्झमध्ये मोजला तर तोच नॉइज २० डेसिबलने कमी दिसतो. ऑडिओच्या उपकरणांत याशिवाय ‘ए-वेटिंग’ नावाचा फिल्टर लावून मोजण्याची पद्धत आहे, जी कानाच्या संवेदनशीलतेनुसार कमी वारंवारितेचा नॉइज कमी धरते. ती गैर नाही, पण हम लपवण्यासाठी ती फारच सोयीची आहे.

काट्यात २४ बिटांची चिप आहे, तरी शेवटचा आकडा का नाचतो?

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे क्रेट ज्या प्रकारच्या काट्यावर चढतात, तशा १०० किलोच्या काट्याचा हिशेब करून पाहू. त्यातील लोड सेल, म्हणजे वजनानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर, साधारणपणे प्रति व्होल्ट २ मिलिव्होल्टचा असतो. त्याला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण १०० किलोला १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एका ग्रॅमला केवळ ०.१ मायक्रोव्होल्ट. एचएक्स७११ ही सर्वत्र मिळणारी चिप १२८ पट गेनवर एकूण ४० मिलिव्होल्टची पट्टी २४ बिटांत विभागते. नुसता भागाकार केला तर एक पायरी २.४ नॅनोव्होल्टची, म्हणजे ग्रॅमच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी येते, आणि ग्राहकाला सांगताना हाच आकडा सांगितला जातो.

पण या चिपचा स्वतःचा नॉइज, सेकंदाला १० वाचने या संथ गतीलाही, सुमारे ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) आहे. डोळ्यांना दिसणारे नाचणे हे आरएमएसच्या साडेसहापट धरण्याची रीत आहे. तेव्हा आकडा साधारण ३३० नॅनोव्होल्टच्या पट्ट्यात, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅमच्या आत फिरत राहणार. दहा मिलिव्होल्टला या पट्ट्याने भागले तर सुमारे तीस हजार वेगळ्या पायऱ्या मिळतात, म्हणजे पंधरा बिटांपेक्षाही किंचित कमी. उरलेल्या नऊपैकी दोन बिट ४० मिलिव्होल्टच्या पट्टीच्या न वापरलेल्या भागात जातात आणि सात बिट नॉइजचे अतिशय बारकाईने मोजमाप करत असतात. ५ किंवा १० ग्रॅमची पायरी दाखवणाऱ्या काट्याला एवढे पुरेसे आहे. एक ग्रॅम दाखवण्याचा हट्ट धरला तर आकडा नाचणारच.

आदर्श कन्व्हर्टरची, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या चिपची, डायनॅमिक रेंज बिटांच्या संख्येला ६.०२ ने गुणून १.७६ मिळवल्यास येते, म्हणून १६ बिटांना ९८ आणि २४ बिटांना १४६ डेसिबल असे आकडे पुस्तकात दिसतात. हा सूत्राचा निकाल आहे, चिपचा नव्हे.

सरासरी काढून नॉइज कमी करता येतो ना?

येतो, पण किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. अनियमित नॉइज वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: १६ वाचनांची सरासरी घेतली की वरच्या काट्याचे साडेतीन ग्रॅमचे नाचणे एका ग्रॅमच्या आत येते आणि क्रेट ठेवल्यावर आकडा स्थिरावायला १.६ सेकंद लागतात. चौपट वाचने घेतली की एक बिट मिळतो, असा सोपा हिशेब आहे. शंभर पट सुधारणा हवी असेल तर दहा हजार वाचने लागतील, म्हणजे या गतीने सोळा मिनिटांहून अधिक, आणि तोवर व्यापारी पुढच्या गाळ्यावर गेलेला असेल.

शिवाय फ्लिकर नॉइज आणि तापमानामुळे शून्याचे हळूहळू सरकणे यांना सरासरीचा उपाय चालत नाही. सकाळी शून्य केलेला काटा दुपारी काही ग्रॅम दाखवत असेल तर तो नॉइज नसून ड्रिफ्ट आहे. त्याला पुन्हा शून्य करणे हाच इलाज.

माझ्या प्रकल्पात वाचन मुळीच नाचत नाही, तरी सरासरी घेऊन अचूकता वाढत नाही. असे का?

कारण नॉइज फारच कमी आहे. हे विनोदाने म्हटलेले नाही. प्रकल्पांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा कन्व्हर्टर १० बिटांचा आहे आणि ५ व्होल्टच्या पट्टीवर त्याची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची पडते. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, तेव्हा एक पायरी म्हणजे जवळपास अर्धा अंश. सिग्नल अगदी स्वच्छ असेल तर तो दोन पायऱ्यांच्या मध्ये कोठेही असला तरी प्रत्येक वेळी तोच आकडा येतो, आणि त्याच आकड्याची हजार वेळा सरासरी काढली तरी तोच आकडा मिळतो. सिग्नलवर साधारण एका पायरीएवढा नॉइज असेल तर मात्र वाचने वरच्या आणि खालच्या पायरीत विखुरतात, आणि ती कोणत्या प्रमाणात विखुरली यातच मधली खरी किंमत दडलेली असते. अशा स्थितीत ६४ वाचनांची सरासरी तीन बिट वाढवून देते.

म्हणूनच ध्वनिमुद्रणात १६ बिटांवर उतरताना नॉइज मुद्दाम मिसळतात. त्याला डिदर म्हणतात. तो नसेल तर तंबोऱ्याचा विरत जाणारा स्वर शेवटी खरखरीत पायऱ्यांत तुटतो. तो असेल तर स्वर हलक्या सळसळीत अलगद विरून जातो. त्रिकोणी वितरणाचा नेहमीचा डिदर सुमारे ४.८ डेसिबल डायनॅमिक रेंज खर्च करतो आणि हा खर्च सार्थकी लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यासाठी मात्र आणखी सोपा मार्ग आहे. उनोचा आतील १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला की पायरी ०.१ अंशाची होते आणि ११० अंशांपर्यंत मोजता येते. नागपूरच्या उन्हाळ्यालाही तेवढे पुरते.

नॉइजपेक्षा लहान सिग्नल ओळखणे शक्य आहे का?

होय, आणि झिरो माइलच्या दगडापाशी उभे राहून मोबाइलवर नकाशा उघडला की आपण तेच करत असतो. जीपीएसच्या उपग्रहाकडून जमिनीवर पोहोचणारा सिग्नल उणे १३० डीबीएमच्या (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) आसपास असतो, तर २ मेगाहर्ट्झच्या बँडविड्थमधील केवळ उष्णतेचा नॉइज उणे १११ डीबीएम असतो. म्हणजे सिग्नलची पॉवर नॉइजच्या जेमतेम ऐंशीव्या हिश्श्याएवढी असते. पण तो १०२३ चिन्हांच्या ठरलेल्या क्रमाने पाठवलेला असतो आणि रिसिव्हरला तो क्रम ठाऊक असतो. क्रमाशी जुळवून बेरीज करत गेले की सिग्नल साठत जातो, नॉइज एकमेकांना खोडत जातो आणि एका आवर्तनातच ३० डेसिबलचा लाभ होतो. सुरुवातीला दिलेल्या व्याख्येतील ‘ओळखू येईल असा’ हे शब्द म्हणूनच लवचीक आहेत: किती वेळ थांबायची तयारी आहे आणि काय शोधायचे ते किती आधी ठाऊक आहे, यांवर खालची मर्यादा ठरते.

नॉइज कमी केला की काम झाले, असे नेहमीच असते का?

नसते, रेडिओत पुष्कळदा वरची मर्यादाच आधी आडवी येते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे १००० किलोवॅटचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर होत असे. आदर्श जमीन गृहीत धरून हिशेब केला तर एवढ्या शक्तीच्या केंद्रापासून १० किलोमीटरवर विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे एक व्होल्ट भरते, तर दूरच्या एखाद्या केंद्राचे ते १०० मायक्रोव्होल्ट असू शकते. दोघांत ८० डेसिबलचे अंतर आहे. अशा ठिकाणी अधिक संवेदनशील रिसिव्हर आणला तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण पहिलाच ट्रान्झिस्टर बलाढ्य सिग्नलने गुदमरतो आणि प्रबळ केंद्रांच्या मिश्रणातून डायलवर भलत्याच जागी भुताटकीची केंद्रे उमटतात. शिवाय मध्यम लहरींवर विजांच्या कडकडाटाचा आणि शहराचा नॉइज रिसिव्हरच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा आधीच कितीतरी मोठा असतो.

उपाय ऐकून अनेकांना धक्का बसतो: अँटेनाच्या मार्गात १० डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारा भाग, टाकावा. हवे ते केंद्र १० डेसिबलने घटते, बाहेरचा नॉइजही तेवढाच घटतो, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. पण भुताटकीची केंद्रे निर्माण करणारी तिसऱ्या क्रमाची विकृती तिप्पट दराने, म्हणजे ३० डेसिबलने, खाली जाते.

घरात कूलर चालू असताना २४ बिटांचे संगीत ऐकण्याचा काही उपयोग आहे का?

मे महिन्यात तरी नाही. खोलीत कूलरचा आवाज ६० डेसिबल धरला आणि शेजाऱ्यांचा विचार करून सर्वांत मोठा आवाज ९० धरला तर हाती ३० डेसिबल उरतात; त्यात सीडीचे ९८ बसत नाहीत, तर १४६ची गोष्टच दूर. २४ बिट मुद्रण करताना उपयोगी पडतात, कारण त्यामुळे गायकाच्या अनपेक्षित तारसप्तकासाठी वर मोकळी जागा सोडता येते. ऐकताना मात्र कंप्रेसर लावून हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करणे अधिक व्यवहार्य असते, आणि रेडिओ केंद्रे तेच करत आली आहेत.

माझ्या ऑडिओ इंटरफेसची डायनॅमिक रेंज घरी मोजता येईल का?

बऱ्यापैकी मोजता येते. माइकऐवजी इनपुटवर २०० ओहमचा रोधक जोडावा. इनपुट उघडे ठेवले तर हम येतो आणि शॉर्ट केले तर वास्तवापेक्षा चांगला आकडा येतो. नेहमी वापरता ते गेन तसेच ठेवून ३० सेकंद मुद्रण करावे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची आरएमएस पातळी पाहावी. ती पूर्ण पट्टीच्या तुलनेत उणे ८५ डेसिबल आली तर त्या गेनवर डायनॅमिक रेंज सुमारे ८५ डेसिबल आहे. मोबाइलचा साधा रेकॉर्डर यासाठी चालत नाही, कारण शांतता पडली की तो गेन आपोआप चढवतो. त्याच मुद्रणाचा स्पेक्ट्रमही, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती पातळी आहे याचा आलेख, काढावा: ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर आधी अर्थिंग तपासावे आणि पुन्हा मोजावे. एक बारकावा राहतो. काही सॉफ्टवेअर पूर्ण पट्टीच्या साइन लहरीला शून्य डेसिबल मानतात, तर काही तिचे आरएमएस धरून उणे ३ दाखवतात. दोन मित्रांच्या मोजणीत नेमका ३ डेसिबलचा फरक आला तर दोघांपैकी कोणाचेही उपकरण खराब नाही.